हेराची पारख

मुलीच्या लग्नापूर्वीं वराच्या चौकशीस खाजगी गुप्तहेर नेमावा काय, असें सोलापुरांतील एका स्नेह्यानें आम्हांस परवां विचारलें. आम्हीं इतिहासाकडे वळलों.

सुरतेंत अगणित द्रव्य सांपडेल ही बातमी, सभासदाच्या बखरीप्रमाणें, बहिर्जी जाधव नाइकानें आणिली. १६६४ च्या जानेवारींत ती खरी ठरली. १६७९ सालीं जालन्याहून परततांना शत्रूनें गांठलें, तेव्हां महाराजांस आडवाटेनें पट्टा किल्ल्यास सुखरूप नेणाराही तोच. हेराचें मोल गुपितांत नव्हे, तें खरें ठरण्यांत आहे. कौटिल्य तर तीन हेरांचें म्हणणें जुळल्यावरच विश्वास ठेवावयास सांगतो.

परंतु बहिर्जीच्या मागें राज्यसत्ता होती. खाजगी हेरास सामान्य नागरिकाहून अधिक अधिकार नाहीं. शिवाय २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. म्हणून कामाची मर्यादा व मेहनताना आधीं लिहून घ्यावा. बातमी कोणत्या मार्गानें मिळविणार, हें विचारावें. आणि दूरध्वनीच्या नोंदी चोरून आणण्याची हमी देणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें. जो आज वराचें गुपित चोरतो, तो उद्यां आपल्या कन्येचेंही विकील.