डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटलेला धावपटू

“डॉक्टर, मॅरेथॉन धावून हृदय खराब होते का?” असे तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. त्यांच्यासाठी क्लॅरेन्स डीमार यांची ही गोष्ट.

डीमार हे अमेरिकेतल्या छापखान्यात काम करणारे हौशी धावपटू. १९११च्या बोस्टन मॅरेथॉनआधी डॉक्टरांना त्यांच्या हृदयात ‘मर्मर’, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू आला. ही शर्यत शेवटची समजा, असा सल्ला मिळाला. ती त्यांनी जिंकली! पुढे १९२२ ते १९३० दरम्यान आणखी सहा वेळा जिंकली. नोकरी सुटली नव्हती. कामावर जाता-येता धावणे हाच सराव.

१९५८ मध्ये वयाच्या ७०व्या वर्षी ते कर्करोगाने गेले. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा दोन-तीन पट रुंद आढळल्या. मात्र त्यांत थोडी चरबीही साठलेली होती. धावणाऱ्यालाही पूर्ण अभय नसते.

असा आवाज कधी निरुपद्रवी असतो, तर कधी झडपेच्या आजाराची खूण. तेव्हा इको तपासणी नव्हती, आज आहे. त्यामुळे धावायला घाबरू नका. पण छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा एकाएकी जास्त धाप लागत असेल, तर थांबा आणि आधी तपासून घ्या.