अप्पर, डिपर आणि पंढरीचा रस्ता

ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेलं आपण सगळ्यांनीच वाचलंय. इंग्रजीचा गंध नसलेल्या ड्रायव्हरलाही ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ हे दोन शब्द पक्के ठाऊक असतात. हा डिपर मुळात आला कुठून, याच्या मागे लागलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. मोटारीचा दिवा जितक्या वेळा प्रखर झाला, तितक्या वेळा त्याला नव्याने खाली बघायला शिकवावं लागलं.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. गाडीखाली टांगलेला कंदील रस्ता दाखवायला नव्हताच, रस्ता बैलांना पाठ असायचा. कंदील होता तो ‘इथे गाडी आहे बाबांनो’ एवढं सांगायला. पहिल्या मोटारींना कार्बाइडचे दिवे आले. कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं आणि निघणारा वायू पेटवायचा. (जत्रेतल्या दुकानांवरचा तो उग्र वास आठवतोय का? तोच.) 1912 साली कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणि दिवे एकत्र दिले, मग सगळेच त्या वाटेने गेले आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपायला लागले. त्यावर उपाय म्हणून 1920च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या, एक लांबचं दाखवणारी, एक जवळचं. हाच आपला अप्पर-डिपर.

आपल्याकडचा उपाय मात्र खास देशी होता. जुन्या ट्रक-ॲम्बेसेडरच्या गोल दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असायचा, किंवा काचेच्या मध्यावर काळा टिळा. 1971च्या युद्धात ब्लॅकआऊटसाठीही दिवे असेच झाकले होते. पण रंगाने उजेडाची दिशा बदलत नाही. काचेच्या वरच्या भागातून येणारा सगळा उजेड वरच जातो असं थोडंच आहे? तो खालीही पडतो. म्हणजे समोरच्याचा त्रास थोडा कमी, आणि आपल्याला दिसणंही तेवढंच कमी. तरी मला त्या काळ्या रंगाबद्दल आदर वाटतो. गावातला पेंटर ब्रश घेऊन येतो आणि गाडीवाल्याला आठवण करून देतो की समोरूनही कोणीतरी येतंय!

खरी सफाई आली ती 1971 साली युरोपात आलेल्या एच-4 हॅलोजन बल्बने. त्याच्यात डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे परावर्तकाचा खालचा अर्धा भाग अंधारातच राहतो आणि भिंतीवर उजेडाची स्वच्छ रेघ उमटते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती रेघ डाव्या टोकाला थोडी वर चढते, कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. (उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा इथे बसवला तर ती उजवीकडे चढते, थेट समोरच्याच्या डोळ्यांत.) सगळी करामत तार आणि वाटी यांच्या जागेवर आहे. त्याच घरात भलत्या जागी चिप असलेला एलईडी बल्ब खुपसला की ती रेघच विस्कटते, मग स्क्रू कितीही फिरवा.

पुढे 1991 साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत झेनॉन आला. तेव्हा युरोपने नियमच केला की 2000 ल्युमेनच्या वरचा दिवा असेल तर तो भारानुसार आपोआप खाली झुकला पाहिजे. आपल्या 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही एक सुंदर तरतूद आहे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, असा माणूस दिपता कामा नये. दीड मीटर! मला हा आकडा वाचून हसू आलं नि मग गप्प झालो. पायी चालणाऱ्या मध्यम उंचीच्या माणसाच्या डोळ्यांचीच ही उंची.

आमच्या पंढरपूरला हा माणूस फक्त आषाढीला भेटत नाही. दर शुद्ध एकादशीला महिन्याचे वारकरी असतात, कार्तिकी, माघी, चैत्री असतेच. वाखरीकडून पहाटेच्या अंधारात झपझप चालत येणारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या. शिवाय हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही. 2021 साली पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, रस्ता रुंद झाला, वेग वाढला. उजेड जास्त हवा हे खरंच आहे, त्यासाठी मी कोणाला नावं ठेवणार नाही. मीही माझ्या जुन्या गाडीचे पिवळट पडलेले दिवे बदलले, अख्खा जोड, रेघ डावीकडे चढणारा. बसवणाऱ्याने ‘झालं साहेब’ म्हणून बिल हातात ठेवलं. ‘लेव्हल?’ विचारलं तर म्हणाला, ‘ती कोण बघतंय?’

मी बघितली. गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागा शोधली, टायरची हवा नीट केली आणि भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. दिव्याचा मध्य जमिनीपासून 65 सेंमी. भिंतीपासून 10 मीटरवर गाडी, म्हणजे 1 टक्का उतार धरला तर भिंतीवर रेघ 55 सेंमीवर हवी. ती होती 82वर! जेमतेम एका अंशाने का होईना, दर दहा मीटरला वरच चढत चाललेली. पन्नास मीटरवरची गोष्ट आणखी बोलकी आहे. नीट लावलेला उजेड तिथे 15 सेंमीवर असतो, म्हणजे पोटरीशी. आमचा तिथे दीड मीटरवर, नेमका नियमातल्या त्या डोळ्यांत.

दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायचा, दुसरा डावी-उजवीकडे. खडूच्या खुणेवर दोन्ही रेघा यायला अर्धा तास लागला. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचा एक नॉबही असतो, मागे भार वाढला की उजेड खाली आणायला. त्याला कोणी हात लावत नाही. कुर्डूवाडीहून पाहुणे आणि त्यांच्या गाठोड्यांनी डिकी भरली की मी तो 2वर ठेवतो.