पाबळची परीक्षा

पाबळचे नाव काढले की वाचणाऱ्याला मस्तानी आठवते. तिची समाधी तिथे आहे, आणि साहित्याच्या माणसाने एखाद्या गावाशी नाते जोडायला एवढे कारण पुरते. मला मात्र शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावाची आठवण वेगळ्या कारणाने, आणि तीही दर वर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आले की, हटकून येते. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात दीर्घ काळ काम केलेला हा शास्त्रज्ञ. जे. पी. नाईकांच्या ‘भारतीय शिक्षण संस्थे’च्या आधाराने तो पाबळला आला, आणि शाळेने ज्यांना बाहेर टाकले होते अशा मुलांना घेऊन बसला.

‘नापास’ हा शब्द कधी नीट न्याहाळला आहे का? मागचा ‘ना’ फारसीतून आलेला, पुढचा ‘पास’ इंग्रजी. दोन राजवटींनी मिळून घडवलेला हा शब्द मराठीत इतका मुरला, की ‘अनुत्तीर्ण’ हा संस्कृत पर्याय गुणपत्रिकेबाहेर कोणी उच्चारत नाही. शब्दाचा इतिहास हा इथे व्यवस्थेचाही इतिहास आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ ची. न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे परीक्षेला पहिलीच माणसे अशी मिळाली, की तिच्या योग्यतेबद्दल पुढे शंका घेणे अवघडच होऊन बसावे!

पण परीक्षेचा खरा अंमल बसला तो खालच्या वर्गांवर. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या निकालाशी बांधले. ‘निकालानुसार अनुदान’ ही रीत मुंबई इलाख्यातही वापरली गेली. दिपोटी यायचा दिवस ठरला की शाळा सारवली जायची आणि पोरे घोकायला बसायची, ही चित्रे जुन्या मराठी आत्मचरित्रांच्या वाचकांना ओळखीची आहेत. आपण ती गमतीची म्हणून वाचतो. पण मुलाच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या शब्दावर मास्तरांच्या शाळेचे पैसे ठरत असतील, तर मास्तर त्या शब्दापलीकडचे काही कशासाठी शिकवतील? लो यांच्या संहितेवर मॅथ्यू अर्नल्ड या कवी-समीक्षकाने टीका केली, आणि ती स्वतः शाळा-तपासनीस असताना केली, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेच्या अभ्यासात शेतीची आणि आरोग्याची मूलतत्त्वे असावीत, अशी त्यांची मागणी होती. आयोगानेही माध्यमिक शाळांत दोन वाटा सुचवल्या होत्या : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यवहारोपयोगी शिक्षणाची. दुसरी वाट कागदावर राहिली. कारण उघड होते : नोकरीचा दरवाजा पहिल्या वाटेच्या टोकाला होता. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणू पाहिले. त्या नई तालीमचेही शाळांमध्ये बहुधा सूतकताईच्या एका तासात रूपांतर झाले.

पाबळचा प्रयोग या पराभवांच्या ओळीत ठेवून पाहावा लागतो. आश्रमातल्या मुलांनी शिकायचे ते काम करून, आणि काम असे की गावाला त्याची गरज आहे. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, रोपवाटिका, जनावरांचे खाद्य, रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी, भूगर्भातल्या पाण्याचा शोध. इथे बनवलेले घुमटाकार घर ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले गेले. अशा ठिकाणी परीक्षा नसते असे नाही. ती फार कडक असते. फेरोसिमेंटची टाकी गळली की गळली; तिला ग्रेस गुण देता येत नाहीत, आणि ‘टाकी बांधण्याचे कोणतेही चार फायदे लिहा’ असे विचारून सुटकाही होत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने याच गावात ‘फॅब लॅब’ उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी आरंभीच्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग २००३ मध्ये गेले.

इथवरची कहाणी गौरवाची आहे, आणि गौरवलेखांत ती पुष्कळदा येते. मला त्यापुढची गोष्ट अधिक विचार करायला लावते. कलबागांना गळालेल्या मुलांचे वेगळे वसतिगृह चालवायचे नव्हते. हाताने शिकणे हे सगळ्यांसाठी आहे, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठीही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून हा अभ्यासक्रम नेहमीच्या शाळेत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणून न्यायचा होता. आठवड्यातला एक दिवस कामाचा, शिकवायला गावातलेच कुशल कारागीर. पण १९६६ पासून शाळा ज्या राज्य मंडळाच्या कक्षेत आहेत, त्या मंडळाच्या दारातून आत यायचे तर विषयाला नाव, क्रमांक, गुण आणि परीक्षा हवी. ती घेतल्यावाचून मुख्याध्यापक वेळ देणार नाहीत आणि पालक मुलाला बसू देणार नाहीत. परीक्षेबाहेर जन्मलेल्या शिक्षणाला शाळेत शिरण्यासाठी परीक्षेचाच परवाना काढावा लागला. यात कोणाला दोष द्यावा? मी कलबागांच्या जागी असतो तर मीही तो काढला असता. तरी प्रयोगवहीचे या देशात काय होते ते आपण सारे जाणतो : मागच्या वर्षीच्या मुलाची वही आणायची आणि एका रात्रीत उतरवायची.

आपण भाषेचे शिक्षक या बाबतीत फार वर चढून बोलू नये. २०१९ मध्ये दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढले होते, हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या दोन वर्षांत मुलांचे मराठी बिघडून पुन्हा सुधारले, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? मराठीची प्रश्नपत्रिका मधल्या काळात ‘कृतिपत्रिका’ झाली. हेतू चांगला होता, पाठांतराऐवजी मुलाने स्वतः काही करावे असा. मी तपासलेल्या रसग्रहणांत मात्र एकच वाक्य एका गठ्ठ्यात चाळीस वेळा आले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चाळिसाही वेळा मी त्याला गुण दिले आहेत. नमुना उत्तरात ते होते.

गेल्या दशकात राज्य शासनाने दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शिक्का पुसायचे ठरवले. फेरपरीक्षेतही न निघालेल्या मुलासाठी त्याऐवजी शेरा आला तो, हा विद्यार्थी कौशल्यविकासास पात्र आहे, अशा अर्थाचा. त्यामागची सहानुभूती मी नाकारत नाही. शिक्का पुसला गेला हे बरेच झाले. पण या शेऱ्याचे व्याकरण पाहा. ज्याला भूमिती आली नाही तो वेल्डिंगला पात्र. मग ज्याला भूमिती आली तो वेल्डिंगला अपात्र ठरत नाही का? आणि कोन चुकला की चौकट बसत नाही, हे ज्याने कधी हाताने पाहिलेच नाही, त्याला भूमिती आली असे तरी कशावरून म्हणायचे? १८८२ ची दुसरी वाट अशी एकशे तीसहून अधिक वर्षांनी उघडली, आणि तिच्या तोंडाशी पाटी लागली ती पहिल्या वाटेवरून परतलेल्यांसाठी म्हणून. पाबळच्या शेडमध्ये पत्र्यावर रेघ मारताना गुण्यामागून काटकोन शिकणाऱ्या मुलाला हा शेरा कोणी वाचून दाखवला, तर तो त्याचा अर्थ कसा लावेल, हे मला खरोखरच जाणून घ्यायला आवडेल.