परका घोडा, आपली पागा

घोड्यांच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना किंमत, जकात आणि गलबतांची संख्या यांचाच हिशेब बहुधा मांडला जातो. गलबतातून उतरलेला घोडा पुढे जगला की मेला, अनोळखी घोड्यांत तो कसा सामावला, हा प्रश्न मागेच राहतो. वस्तुतः राज्याच्या अश्वबळाचा खरा कस तेथेच लागत असे.

आपल्या प्राचीन राजनीतिशास्त्रास या प्रश्नाची जाण होती. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे पहिले काम सांगितले आहे ते नोंदीचे. घोडा विकत घेतलेला आहे, युद्धात हाती लागलेला आहे, घरच्या घोडीस झालेला आहे, की साहाय्यार्थ आलेला आहे, हे प्रथम लिहावयाचे. मग त्याचे कुल, वय, वर्ण आणि खुणा. कोठून आला हे ठाऊक असल्यावाचून कसा वागवावा हे कळत नाही, हा या नोंदीतील मर्मार्थ आहे.

ज्यांनी हे मर्म ओळखले नाही त्यांची गत इटालियन प्रवासी मार्को पोलो याने नोंदवून ठेविली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो तामिळ देशाच्या किनाऱ्यावर आला. तेथील राजे प्रतिवर्षी दोन-दोन हजार घोडे समुद्रमार्गे विकत घेत आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नसत, असे तो सांगतो. जाणत्या माणसांचा अभाव आणि भलताच आहार ही त्याने दिलेली कारणे. द्रव्य होते, घोडे होते. घोडा नव्या भूमीत रुजविण्याची विद्या मात्र नव्हती.

हाच व्यापार पुढे गोव्याच्या बंदरात एकवटला. 1510 साली गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी अरबस्तान व इराणकडील घोड्यांची गलबते तेथेच लागावीत असा दंडक घातला आणि 1547 च्या तहाने विजयनगरच्या दरबाराशी या व्यापाराचा करार केला. वाळवंटी कोरड्या हवेत वाढलेले जनावर कित्येक दिवस गलबतात उभे राहून कोकणच्या दमट भूमीवर उतरे आणि घाट चढून परक्या घोड्यांत जाई. त्याची स्थिती काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

घोडा हा समूहात राहणारा प्राणी आहे. कळपात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि नवा आला की ती पुन्हा ठरवावी लागते. कान मागे पाडणे, मान लांबवून अंगावर जाणे, पाठ फिरवून लाथेचा धाक दाखविणे, ही त्यांची भाषा होय. पुरेशी जागा असेल तर बहुतेक तंटे धाकावरच मिटतात. कोपऱ्यात कोंडला गेलेला नवखा मात्र जखमी होतो. यास्तव जाणते लोक त्याला प्रथम दोन-तीन आठवडे वेगळा ठेवितात, म्हणजे सोबत आलेला रोग कळपात पसरत नाही. याच काळात जुना चारा हळूहळू कमी करून नवा वाढवितात. एकाएकी बदल केल्यास पोटशूळ उठतो. मग कुंपणाआडून ओळख, नंतर एखाद्या शांत स्वभावाच्या जोडीदाराची संगत आणि शेवटी दिवसाउजेडी मोकळे कुरण. तेथे वैरणीचे ढीग घोड्यांच्या संख्येहून अधिक आणि दूरदूर टाकावेत, म्हणजे दुबळा उपाशी राहत नाही. दोन घोडे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी दातांनी खाजवू लागले की निम्मे काम झाले. या खाजविण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, हे अलीकडे मोजूनही पाहिले आहे.

या सर्वांचा पाया दोन गोष्टी: अवसर आणि वैरण. शिवछत्रपतींच्या अश्वव्यवस्थेत नेमक्या याच दोहोंची तरतूद दिसते. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई. तेथे दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असत. लुटीत मिळालेले आणि विकत घेतलेले नवे घोडे जुन्यांच्या शेजारी ठाणावर उभे राहून परस्परांस ओळखू लागण्यास हे चार महिने उपयोगी पडले असले पाहिजेत, असे अनुमान करावयास हरकत नाही. 1673-74 च्या सुमारास चिपळूणकडील जुमलेदारांस महाराजांनी पाठविलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. वैरण बेताने वापरा, ती आताच उडविलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील व ते पाप तुमच्या माथी येईल. उंदराने दिव्याची जळती वात नेली तरी गवताच्या गंजी पेटतील, असे त्यात बजाविले आहे. राज्याचा धनी उंदराचीही चिंता करतो, ती गवताच्या काडीवर पागेचा जीव अवलंबून आहे म्हणून.

दसरा होताच छावणी उठे. त्या दिवशी घोड्यास न्हाऊ घालून, झेंडूची माळ घालून त्याची पूजा करण्याची आपली परंपरा आहे. पूजेचा मान एका दिवसाचा. पण त्यामागे चार महिन्यांचा खरारा, चंदी आणि धीर असावा लागतो. परक्याला आपले करणे हे आज्ञेचे काम नव्हे. ते वेळेचे आणि पोटभर चाऱ्याचे काम आहे.