कासरा फांदीला, माणसाला नाही

मी सहावीत होतो तवा चुलता चिंचेवरून पडला. लाकडाच्या वखारीसाठी जुनी चिंच पाडायची होती. मोठं झाड खालून एकदम पाडत नाहीत. आधी वर चढून फांद्या उतरवायच्या, शेंडा उतरवायचा, मग बुंध्याला करवत. चुलता तीस फुटांवर होता. वाळली फांदी पायाखाली मोडली. कासरा होता, पण तो तोडायच्या फांदीला बांधलेला. फांदी कुणाच्या पत्र्यावर पडू नये म्हणून. माणसाला काहीच बांधलेलं नव्हतं.

गाव म्हणालं, नशीब. म्हातारी म्हणाली, झाडावर मुंज्या होता. चौघांनी हातपाय धरून चुलत्याला उचललं, टेम्पोत टाकलं. चुलता जगला, पण कमरेखालून गेला.

दोस्तांनो, नशिबाचा इतिहास लिहिता येत नाही. कामाचा येतो.

तीस फुटांवरून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत भुईवर येतो. वेग तासाला ४८ किलोमीटरच्या आसपास. त्यात मुंज्याला काही करायला वेळच नाही. मग प्रश्न एवढाच, की झाडावर कोण चढतो आणि त्याला कोण चढवतो?

महारकीत लाकूड आमच्याच वाट्याला होतं. गावकीचं सरपण फोडायचं, मर्तिकाचा सांगावा न्यायचा, दुसऱ्यांच्या सरणाची लाकडं वाहायची. बिदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले, अशी कथा आपली म्हातारी माणसं सांगतात. त्या हक्कांत सरणावरचं कापड आहे, मेलेलं ढोर आहे. पण राबताना ज्याचं हाड मोडलं त्याला बलुत्यात काय होतं? शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं ते या वेठीविरुद्ध. कनिष्ठ गाव वतनं मोडण्याचा कायदा मुंबई राज्यात यायला १९५८ साल उजाडलं. वतन गेलं, कुऱ्हाड हातातच राहिली. आता तिला रोजंदारी म्हणायचे.

इंग्रजांच्या मुलखात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. निजामाच्या मराठवाड्यात तो तेव्हा नव्हता, संस्थान खालसा झाल्यावर आला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडाची झाडं छेदणारे आणि झाडं तोडणारे यांचा शब्दांत उल्लेख आहे. म्हंजे झाडावरचा माणूस पडतो हे सरकारला ठाऊक होतं. पण कामगार कोण, याच्या व्याख्येत एक मेख होती. काम नैमित्तिक असेल आणि मालकाच्या धंद्याचं नसेल, तर तो माणूस कामगार नाही. बंगल्यावरची फांदी तोडायला नाक्यावरून बोलावलेला आपला माणूस नेमका त्या मेखेत अडकला. ती मेख निघाली २००० साली. सत्त्याहत्तर वर्षं तो झाडावर चढत होता, पण कायद्याला दिसत नव्हता.

दुसरीकडं बघा. १९७५ साली महाराष्ट्रात शहरांतली झाडं जपण्याचा कायदा झाला. वृक्ष अधिकारी आला, वृक्ष प्राधिकरण आलं, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करा असं ठरलं. आपल्या औरंगाबादला, म्हंजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८२ साली महानगरपालिका झाली. झाडं मोजावीत, माझं भांडण झाडांशी नाही. पण त्याच झाडांवरून पडलेली माणसं मोजा, असं त्या कायद्यात कुठंच लिहिलं नाही.

निजामाच्याच राज्यात तेलंगणही होतं. तिथले ताडी काढणारे संघटनेनं भांडत राहिले. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं त्यांना दोर-पट्ट्यांचे सुरक्षा संच वाटायला सुरुवात केली. झाड तसंच, उंची तशीच. फरक संघटनेचा.

चुलत्याचं काम वखारीच्या धंद्याचंच होतं. दावा बसत होता. तो दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, हे मला कळलं तवा मी गिरणीत लागून वर्ष झालं होतं. ठेकेदारानं दोन हजार देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता. १९२३ चा तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. नाव बदललं, पण आपल्या वस्तीत ते वाचलं कुणी?

म्हणून शाखेतल्या पोरांनी एवढं करा. नाक्यावर जा. झाडाच्या कामाला कोण गेला, कुणी नेला, किती रोजावर, ते वहीत लिहा. दुसरा दोर माणसाच्या कमरेला, जिवंत जाड फांदीला बांधून, त्याशिवाय चढायचं नाही. विजेची तार जवळ असेल तर लाईन बंद झाल्याशिवाय चढायचं नाही. कुणी पडलाच, तर हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ सरळ ठेवून दाराच्या फळीवर घ्या. मोडलेला मणका उचलताना हलला, तर उरलेले पायही जातात. पंचनामा करायला लावा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

चुलता अजून खाटेवर आहे. दारातून चिंचेचा बुंधा दिसतो. त्याला पालवी फुटली आहे.

जयभीम.