पद्मिनीचा मुंबईतील कार्यकाल

जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने स्वदेशातच निर्माण व्हावीत, हा ध्यास आयुष्यभर बाळगणाऱ्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा इतिहास पुढे याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्याशी जोडला गेला. प्रथम क्रायस्लर व नंतर इटलीची फियाट यांच्याशी करार करून मोटारी बांधणाऱ्या या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि किरकोळ फेरफार वगळता तीच गाडी जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली.

या दीर्घ अपरिवर्तनाला पुष्कळांनी मागासलेपण म्हटले, आणि ग्राहकाच्या बाजूने पाहता ते खोटे नाही. कारण परवाना पद्धतीच्या त्या काळात नावनोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गृहस्थाला निवडीस फारसा वावच नव्हता. परंतु मेस्त्रीच्या बाजूने पाहिले की याच गोष्टीचे स्वरूप पालटते. एका गाडीचा सुटा भाग दहा वर्षांनी बनलेल्या दुसऱ्या गाडीला बसत असे. १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगलाच जोडलेला तो गिअरचा दांडा, यांची जाण वस्तादाच्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला पुस्तकावाचून येई. आणि जो भाग नवा मिळत नसे, तो कुर्ल्याच्या भंगारबाजारातून किंवा चोरबाजारातून शोधून आणावा, अथवा लेथवर घडवून घ्यावा, अशी एक समग्र कारागिरी या एका गाडीभोवती उभी राहिली.

टॅक्सीवाल्याच्या या गाडीवरील निष्ठेचे मूळ मला येथे दिसते. पावसाळ्यात तळाचा पत्रा गंजे, तो कापून नवा जोडावा लागे. क्लच प्लेट झिजे, इंजिन रीबोर करावे लागे, आणि दरवर्षी पासिंगची तारीख जवळ आली की डेंटिंग-पेंटिंगचा खर्च अंगावर येई. वर्षाअखेर बेरीज केली तर ती रक्कम पाहून कोणीही जुनी गाडी काढून टाकण्याचा सल्ला दिला असता. तथापि ज्याची मिळकत रोजच्या भाड्यावर, त्याला नव्या गाडीच्या कर्जाचा ठरलेल्या तारखेचा हप्ता आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये थोडे आज, थोडे पुढल्या महिन्यात असे फेडता येणारे बिल, यांतला भेद कोणत्याही हिशेबनिसापेक्षा अधिक स्पष्टपणे कळत होता. पुढे सीएनजी आला, डिकीची बरीचशी जागा त्याच्या टाकीने व्यापली, उतारूंचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले, आणि तरीही गाडी चालत राहिली. या निष्ठेला केवळ दारिद्र्याची विवशता म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जी वस्तू आपल्या गल्लीत, आपल्या माणसाच्या हातून पुन्हा उभी राहू शकते तिच्यावर विश्वास ठेवणे, ही व्यवहारबुद्धीच होय.

धूर आणि सुरक्षितता यांचा विचार करता सरकारला कधीतरी मुदत घालणे प्राप्तच होते, हेही मान्य केले पाहिजे. टॅक्सीच्या वयाची कमाल मर्यादा प्रथम पंचवीस वर्षे ठरली, २०१३ साली ती वीस वर्षांवर आली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओच्या दप्तरी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. गाडी जतन करावी अशी मागणी तेव्हा झाली, ती रास्तच आहे. परंतु ती गाडी चार दशके रस्त्यावर ठेवणारे मेस्त्री आज वृद्ध होत आहेत, आणि ज्यांना या शहराच्या इतिहासाची आस्था आहे त्यांनी गाडीबरोबरच त्यांची विद्या, त्यांची हत्यारे व त्यांचे अनुभव वेळीच लिहून ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.