हजार पुरुषांमागे ११२२

एका रविवारी २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे जिल्हावार आकडे एक्सेलमध्ये उघडून बसलो होतो. हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, या रकान्याप्रमाणे यादी लावली. सगळ्यात वर रत्नागिरी, ११२२. सगळ्यात खाली मुंबई शहर, ८३२. राज्याचा आकडा ९२९. आमच्या कामात एखादा आकडा बाकीच्यांपासून इतका लांब पडला, की आधी भरणाऱ्याची चूक शोधतात. इथे चूक नव्हती.

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही रत्नागिरीचं हे पहिलं स्थान पाठ असतं. त्याचा अर्थ बरेचदा असा लावला जातो, की कोकणात मुलींची कदर जास्त. पण त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या मुलांचा वेगळा आकडा आहे. तिथे रत्नागिरीत हजार मुलग्यांमागे मुली ९३६. राज्याच्या ८९४पेक्षा बरं, पण २००१ला हेच ९५२ होतं. म्हणजे मुली काही जास्त जन्मत नाहीत. मग मोठ्यांमध्ये बायका जास्त कशा? कारण पुरुष तिथे नाहीत. २०११ला जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ होते आणि स्त्रिया ८,५३,९४८.

ते पुरुष कुठे गेले, याचं उत्तर यादीच्या तळाशी आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, पावसावरचं एकच भाताचं पीक, त्यातही खोताचा वाटा. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला निघायचा. १९२१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. त्यातले पाचातले चार जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि सगळ्यात जास्त माणसं पाठवणारा जिल्हा रत्नागिरीच. तेव्हा मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या.

माणूस एकटाच का जायचा? गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड परवडत नसे. चाळीतल्या एका खोलीत दहाबारा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बायको, पोरं, म्हातारी माणसं गावी. त्यांचं अर्धं पोट शेतावर भरायचं, उरलेलं मनीऑर्डरवर. आजारपण, बाळंतपण, संप, म्हातारपण, सगळ्याला गाव. गिरणीचा पगार कमी ठेवता आला, कारण उरलेला खर्च गावातल्या बाईच्या कष्टातून भागत होता.

माझी आजी त्यातलीच एक. आजोबा परळला गिरणीत. लावणी, गुरं, सासूसासरे, तीन मुलं, सगळं तिच्याकडे. आजोबा गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. आजोबांना कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं, तर ते मुंबई कधीच म्हणाले नाहीत. जनगणनेला मात्र ते चालत नाही. १९३१पर्यंत एकाच रात्री, जो जिथे सापडेल तिथे मोजायचे. नंतर माणूस एरवी कुठे राहतो, हे बघायला लागले. दोन्ही हिशोबांनी आजोबा मुंबईचेच.

म्हणून ११२२ आणि ८३२ हे दोन जिल्ह्यांचे वेगळे आकडे म्हणून वाचू नयेत. एकाच घराचे ते दोन तुकडे आहेत.

मग मी लोकसंख्यावाढीचा रकाना बघितला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता. म्हणजे जिथून माणसं निघायची ते टोकही रिकामं होतंय, आणि जिथे पोचायची तेही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. चाळीतली कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे सरकली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

रत्नागिरीत या काळात ८१,७०८ माणसं कमी झाली. त्यात पुरुष ३३,३७७ आणि स्त्रिया ४८,३३१. दीडशे वर्षं घर धरून बसलेल्या बायकाही आता निघाल्यात. म्हणूनच गुणोत्तर ११३६वरून ११२२वर आलं. पुरुष परत आले म्हणून नाही.

पुढची जनगणना २०२१ला व्हायची होती. कोविडमुळे लांबली, आणि आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. रत्नागिरीचा आकडा बहुधा हजाराकडे आणखी सरकलेला असेल. तेव्हा ‘कोकणात मुली घटल्या’ किंवा ‘स्त्री-पुरुष समतोल साधला’ असा मथळा दिसला, तर आधी दोन गोष्टी बघा : लहान मुलींचा आकडा, आणि एकूण लोकसंख्या. दोन्ही नसतील, तर त्या मथळ्यावरून काहीच कळत नाही.

आजी २००१च्या यादीत होती. शेवटची काही वर्षं बाबांनी तिला डोंबिवलीला आणलं, आणि २०११ला ती ठाणे जिल्ह्यात मोजली गेली. गावच्या घराला कुलूप आहे. प्रगणकाच्या नोंदीत बंद घरालाही क्रमांक पडतो. आमच्या वाडीत तसे किती पडतील, ते यंदा गणपतीला गेलो की मोजणार आहे.